ही हलकी झाली ती काय काढून?

कॅमेऱ्याचं खरं वजन दुपारी कळतं. सकाळी निघताना अंगात उत्साह असतो, पट्टा नुकताच खांद्यावर चढलेला असतो, आणि पाऊण किलोची बॉडी (लेन्स वगळून उरलेला कॅमेरा) नि तेवढीच जड लेन्स यांचं काही वाटत नाही. चार-पाच तास चालून झालं, एखाद-दोन चढ चढून झाले, की तोच पट्टा मानेच्या मुळाशी रुतायला लागतो. मग कॅमेरा हातातून खांद्यावर जातो, खांद्यावरून पिशवीत जातो, आणि पिशवीची चेन लागली की त्या दिवसाचे फोटो संपतात. समोर ऊन उतरत असतं, सावल्या लांबत असतात, माणसं घराकडे वळलेली असतात. दिवसभरातला सगळ्यात चांगला तास तोच. पण चेन उघडा, कॅमेरा काढा, झाकण काढा, एवढ्यासाठीही मनाला उठवावं लागतं, आणि दमलेलं मन उठत नाही.

प्रवासासाठी हलक्या दुसऱ्या बॉडीचा विचार मी करायला लागले तो या तासासाठी. एरवी दुसरी बॉडी म्हटलं की आधी बॅकअपच आठवतो. शटर अडकलं, कॅमेरा पाण्यात पडला, चोरीला गेला, तर हाताशी काहीतरी असावं. लग्नाचं किंवा बातमीचं काम घेणाऱ्याला ती काळजी घ्यावीच लागते, कारण त्याला तो प्रसंग पुन्हा मिळणार नसतो. हौसेनं फिरणाऱ्यानं केवळ बॅकअप म्हणून बॉडी घेतली, तर ती सगळा प्रवास पिशवीच्या तळाशी काढते, आणि जो दिवस बहुधा उगवतच नाही त्याच्यासाठी आपण तिचं ओझं रोज वाहतो. माझ्या मते दुसऱ्या बॉडीनं रोज कमवायला हवं. पहिली पिशवीत गेली तरी जी बाहेर राहते, आणि दोन्ही बाहेर असतील तेव्हा जिच्यामुळे लेन्स बदलावी लागत नाही, तीच घ्यावी. वेळ आलीच तर उरलेला प्रवास एकटीनं निभावायची ताकद तिच्यात असावी, पण तो तिचा जोडधंदा.

लेन्स बदलण्यात काय काय जातं ते एकदा सावकाश पाहावं. होडी काठाला लागतेय, माणसं उतरायच्या गडबडीत आहेत, आणि आपल्या बॉडीवर २४ ते ७० मिलिमीटरची, म्हणजे रुंद ते मध्यम चौकटीची झूम आहे. नावाड्याचा चेहरा जवळून हवा म्हणून आपण टेलिफोटो काढायला बसतो. पिशवी गुडघ्यावर घ्यायची. टेलिफोटोचं मागचं झाकण सैल करून तिच्यावर तसंच टेकवून ठेवायचं. कॅमेरा बंद करून त्याचं तोंड खाली धरायचं, बटण दाबून झूम फिरवून उतरवायची. आता एका हातात उघडी बॉडी, दुसऱ्या हातात उघडी लेन्स, आणि वाऱ्याबरोबर वाळू येतेय. बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या माउंटवरचा ठिपका टेलिफोटोवरच्या ठिपक्याशी जुळवायचा आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवायचं. मग उतरवलेल्या झूमला झाकण, झूम खणात, चेन बंद. हात सरावलेला असला तर हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. तेवढ्यात होडी रिकामी झालेली असते आणि नावाडी पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत असतो. दोर गुंडाळण्याचाही फोटो होतो, चांगलाही होतो, पण आपण जो बघितला होता तो गेला. त्यातून वाळूचा एखादा कण सेन्सरवर बसलाच, तर पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळाच्या त्याच कोपऱ्यात करडा ठिपका. एफ/११, एफ/१६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, तर चांगलाच ठसठशीत.

दोन बॉडींवर दोन लेन्स आधीच चढवलेल्या असल्या की यातलं काहीच करावं लागत नाही. एक खाली सोडायची, दुसरी उचलायची.

दोन कॅमेरे घेऊन फिरण्याची रीत फिल्मच्या काळापासूनची आहे, फक्त तेव्हा तिची कारणं निराळी होती. ३६ फोटोंचा रोल एकदा चढवला की तो संपेपर्यंत फिल्मचा वेग (ती किती कमी उजेडात चालेल ते, एएसएच्या आकड्यात) आणि रंग ठरून जायचा. एका बॉडीत ६४ एएसएची कोडाक्रोम आणि दुसरीत ४०० एएसएची ट्राय-एक्स कृष्णधवल अशी जोडी बाळगली की भर उन्हातला रंग पहिलीत आणि अंधाऱ्या बोळातलं काम दुसरीत. शिवाय रोल ऐन वेळी संपला तर दुसरीत काही फ्रेम शिल्लक असायच्या. ६ जून १९४४ला युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर सैनिकांबरोबर उतरला तेव्हा त्याच्याकडे काँटॅक्स कॅमेऱ्यांची जोडी होती. गोळीबारात रोल बदलायला सवड कुठली! आता आयएसओ (एएसएचंच आजचं नाव) दर फोटोला बदलता येतो, कार्डावर हजारो फोटो मावतात, त्यामुळे ही दोन्ही कारणं संपली. लेन्सचं तेवढं उरलं.

हलकेपणाची ओढ मात्र जुनीच. जर्मनीत लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना डोंगरात भटकायची आवड होती आणि दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन चढणं त्यांना झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म त्यांनी कॅमेऱ्यात आडवी सरकवली, सिनेमाची १८ × २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ × ३६ची केली, आणि कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी प्रदर्शनात तो ‘लायका’ या नावानं लोकांपुढे आला. आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो आणि फार मोठं, फार जड म्हणून ज्याच्यापासून दूर जाऊ पाहतो, तो आकार मुळात हलकं व्हावं म्हणून निवडलेला आहे. हे आठवलं की वजनाच्या चर्चेत मला जरा धीर येतो.

पुढे एसएलआर, म्हणजे लेन्समधलंच चित्र आरशानं डोळ्यापर्यंत पोचवणारे कॅमेरे आले, आरसा आणि प्रिझम आला, वजन परत चढलं. १९७२मध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांनी साधारण ५१० ग्रॅमचा एसएलआर आणला. सुरुवातीला त्याचं नाव एम-१ होतं, लवकरच ते ओएम-१ झालं. आजही तो कॅमेरा डोळ्याला लावला की चकित व्हायला होतं. सगळं अंग आकसलेलं, पण डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर ऐसपैस. तेव्हाच्या कितीतरी जड कॅमेऱ्यांतून एवढं मोठं चित्र दिसत नव्हतं. शटरच्या वेगाची चकती त्यांनी लेन्सच्या माउंटभोवती नेली. कशाला कात्री लावायची आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे माइतानींनी फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यानं ठरवलं होतं. तेव्हापासून हलकी बॉडी हातात घेतली की मी आधी एकच प्रश्न विचारते. ही हलकी झाली ती काय काढून?

मिररलेस आले तेव्हा आरसा गेला. २००८मध्ये आलेल्या पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स जी१पासून हे सुरू झालं. निकॉनच्या १९५९पासूनच्या एफ माउंटमध्ये माउंट आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर राखावं लागे, कारण मधे आरसा उचलला जायचा. २०१८च्या झेड माउंटमध्ये ते अंतर १६ मिलिमीटरवर आलं. कॅननचं ४४वरून २०वर आलं. ही बचत मला निर्मळ वाटते. बॉडी पातळ झाली आणि फोटोतलं काही गेलं नाही. बॅटरी तेवढी लवकर संपायला लागली, कारण आता बघतानाही वीज लागते.

त्यानंतरची प्रत्येक बचत मात्र कशाच्या तरी बदल्यात आहे. निकॉनची झेड ३० बॅटरी-कार्डासह ४०५ ग्रॅमची, तिला व्ह्यूफाइंडर नाही. कॅननची आर८ फुल फ्रेम असून ४६१ ग्रॅम, पण हाताचा कंप सावरणारं सेन्सरचं स्थिरीकरण नाही, कार्डाचा खण एकच, आणि बॅटरी थोरल्या आर६ मार्क २पेक्षा लहान. सोनीची ए७सी २ ही ५१४ ग्रॅममध्ये फुल फ्रेम आणि स्थिरीकरण दोन्ही देते, मात्र तिचा व्ह्यूफाइंडर ए७ ४पेक्षा लहान आहे आणि खणही एकच. २०१३ची पॅनासॉनिक जीएम१ तर अवघी २०४ ग्रॅमची होती. तिला व्ह्यूफाइंडरही नव्हता आणि बोटं टेकायला धड पकडही नव्हती. यातली कुठलीच बॉडी वाईट नाही. प्रत्येकीच्या निर्मात्यांनी कुणाची तरी गरज डोळ्यांसमोर ठेवून काही गाळलेलं आहे. ती गरज आपली आहे का, एवढं पाहायचं.

माझ्यापुरतं सांगायचं तर व्ह्यूफाइंडर मी सोडणार नाही. डोक्यावर ऊन असताना मागच्या पडद्यावर आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि फ्रेमच्या कडा अंदाजानं धराव्या लागतात. डोळा लावला की बाहेरचं सगळं जग बंद होतं, चौकट तेवढी उरते. कोपऱ्यातला विजेचा खांब, कापली जाणारी चप्पल, कुणाच्या तरी डोक्यातून उगवल्यासारखं दिसणारं झाड तिथेच कळतं. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपर अंगाशी येतात, हात स्थिर होतो. हे पुढचं थोडं अनुभवाचं आहे, पण सांगते: हात लांब करून पडद्यावर बघत फोटो काढताना मी समोरच्या माणसाकडे बघायची थांबते, पडद्याकडेच बघते. फोटोत तो फरक मला ओळखू येतो.

दुसरा कार्डाचा खण मी सोडू शकते. महत्त्वाचे फोटो दोन कॅमेऱ्यांत आपोआप वाटले जातात, आणि रात्री ते दुसरीकडे उतरवून घेता येतात. स्थिरीकरणही सोडू शकते, लेन्स छोट्या फोकल लेंथची (म्हणजे मिलिमीटरचा आकडा लहान, चौकट रुंद) असेल तर. जुना ठोकताळा असा आहे की हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग फोकल लेंथच्या उलट्या अपूर्णांकापेक्षा कमी नसावा, म्हणजे २८ मिलिमीटरला साधारण १/३० सेकंद. श्वास रोखून, भिंतीला टेकून त्याच्याही खाली उतरता येतं. सेन्सर लहान असेल तर चौकट कापली जाऊन लेन्स जेवढ्या मिलिमीटरची असल्यासारखी दिसते, तो आकडा हिशेबात धरायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्याखाली एकेक डायल मात्र हवीच. एका डायलवर भागवणाऱ्या बॉडीत एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) बदलायला आधी बटण दाबून धरावं लागतं, आणि ते दाबताना नजर फ्रेममधून सुटते.

आता वजन. बॉडीचा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही, हे एकदा काट्यावर ठेवून बघितलं की कळतं. कॅननची आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम आहे. तिच्यावर २४-७० एफ/२.८ एल लेन्स लावली तर ती एकटी ९०० ग्रॅमची. पावणेतेराशे ग्रॅम झाले, आणि ते सगळे पुढे झुकलेले. पट्ट्यावर लटकताना तोंड खाली करून लोंबणारा कॅमेरा चालताना पोटावर आपटत राहतो. हातात घेतला तर मनगटावर ताण येतो, कारण लहान पकडीत तिसरं आणि चौथं बोट कसंबसं मावतं आणि करंगळी खाली मोकळी राहते. तिच्यावर २८ मिलिमीटर एफ/२.८ची चपटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी एकाच फोकल लेंथची लेन्स लावली तर लेन्सचे १२० ग्रॅम, एकूण ४९५. बॉडी तीच, पण एक कॅमेरा पिशवीत जातो आणि दुसरा जॅकेटच्या खिशात. दोन बॉडींमधल्या ५०-६० ग्रॅमच्या फरकावर लोक कितीतरी रात्री घालवतात आणि मग तिच्यावर पाऊण किलोची झूम चढवतात. माझा सल्ला सरळ आहे. आधी लेन्स ठरवा. दोनशे ग्रॅमच्या आतली, ज्या फोकल लेंथवर तुमची नजर आपसूक जाते ती एक प्राइम निवडा, आणि मग तिला शोभेल अशी बॉडी बघा.

सेन्सरच्या आकाराचा प्रश्न इथेच येतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचं सोनी, निकॉन, फुजीफिल्म यांच्या मापानं सुमारे ३६७, आणि आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सचं १७.३ × १३ म्हणजे २२५च्या आसपास. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवलं तर फुल फ्रेमवर मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट प्रकाश गोळा होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). दिवसा हा फरक शोधूनही सापडत नाही. दिवेलागणीला सापडतो. म्हणून लहान सेन्सरची बॉडी घ्यायची असेल तर तिच्यावर एफ/१.७-एफ/१.८ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, जास्त उजेड घेणारी लेन्स लावावी. अशा छोट्या प्राइम शंभर-सव्वाशे ग्रॅमच्याही मिळतात. नाहीतर जो संध्याकाळचा तास वाचवायला बॉडी घेतली, त्याच तासाला ती धापा टाकायला लागते.

पहिली बॉडी फुल फ्रेम आणि दुसरी त्याच माउंटची एपीएस-सी असली की आणखी एक फायदा मिळतो, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. लहान सेन्सर लेन्सची चौकट कापतो. कॅननमध्ये तो हिशेब १.६ पटीचा. २८ मिलिमीटरची लेन्स लहान बॉडीवर ४५च्या आसपास दिसते, ५० मिलिमीटरची ८०सारखी. २८ आणि ५० या दोन प्राइम मिळून २८० ग्रॅम भरतात आणि त्यांची अदलाबदल केली की चार चौकटी हातात येतात: २८, ४५, ५०, ८०. सकाळी बाजारात फिरायचं तर २८ मोठ्या बॉडीवर आणि ५० लहान बॉडीवर, म्हणजे एक रुंद आणि एक चेहऱ्यांसाठी. संध्याकाळी दोन्ही मधल्याच चौकटी हव्यात असं वाटलं तर उलट. बदल दिवसातून एकदा, खोलीत बसून, वारा नसताना करायचा.

यासाठी माउंट एकच हवं, आणि माझा सगळा जोर इथे आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे बाळगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे फोटो उत्तम असतात. पण हात ज्या वळणावर पडलेले असतात ते सहज बदलत नाहीत. कॅननची झूम ज्या दिशेनं फिरवली की जवळ येते, निकॉनची त्याच्या उलट दिशेनं फिरते. लेन्स चढवायची दिशाही उलटी. एकाचा स्विच शटरच्या बटणाभोवती, दुसऱ्याचा भलत्याच जागी. दिवसा, निवांत, हे सगळं जमतं. रस्त्यावर दोन मुलं सायकलची रिकामी रिम काठीनं हाकत येताहेत, अंधारून आलंय, आणि हात घाईत आहे, तेव्हा बोट आपल्या सवयीच्या जागी जातं आणि तिथे दुसरंच बटण असतं. आयएसओ वाढवायचा तर फोकसचा चौकोन सरकतो. मुलं कोपऱ्यावरून वळून जातात.

एका घराण्यातल्या दोन बॉडींची बटणंही तंतोतंत एका जागी नसतात, हे खरं. मेन्यू सारखा असतो आणि बटणांना कामं नेमून देता येतात. मी नवी बॉडी हातात आली की पहिली संध्याकाळ तेवढ्यासाठीच ठेवते. पुढचं बटण आयएसओला, अंगठ्याचं फोकसला, मागची डायल एक्स्पोजर कमी-जास्त करायला, जसं पहिलीवर आहे तसं. मग दिवा मालवून अंधारात चाचपून पाहते. बोट न अडखळता पोचलं की ती बॉडी प्रवासाला लायक झाली. दुकानातही हे करून पाहता येतं, डोळे मिटून. काउंटरवरची माणसं समजूतदारपणे बघू देतात.

लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांचा मोह मला कळतो. रिकोचा जीआर ३ बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅमचा. त्यात एपीएस-सी सेन्सर आणि २८ मिलिमीटरची चौकट, शर्टाच्या खिशात जातो. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅम, पण त्याला देखणा व्ह्यूफाइंडर आहे आणि लेन्समध्येच बसवलेलं, जेमतेम ऐकू येणारं शटर आहे. ज्याची पहिली बॉडी टेलिफोटोसाठीच वापरली जाते, आणि बाकी सगळं जो एकाच चौकटीत बघतो, त्यानं डोळे झाकून यातला एक घ्यावा. एकच लेन्स असली की काय लावू हा विचार संपतो आणि पाय चालायला लागतात. मी थांबले ती एका कारणापाशी. मोठी बॉडी प्रवासात बंद पडली तर माझ्या सगळ्या लेन्स निरुपयोगी होतील, आणि पुढचे दिवस मला एकाच चौकटीत काढावे लागतील. वर म्हटलेला जोडधंदा हे कॅमेरे करू शकत नाहीत.

मायक्रो फोर थर्ड्सची गोष्ट वेगळी. तिथे लांबची लेन्स खरंच हलकी होते. ऑलिंपसची ७५-३०० मिलिमीटर ४२३ ग्रॅमची आहे आणि चौकट फुल फ्रेमवरच्या १५०-६००सारखी देते. डोंगर चढून पक्षी बघायला जाणाऱ्यानं तो विचार जरूर करावा, पण मग दोन्ही बॉडी त्याच घराण्यातल्या घ्याव्यात असं मला वाटतं. अर्धा संसार एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे ठेवला तर चार्जर दोन, बॅटरीचे प्रकार दोन, आणि वाचवलेलं वजन वायरींच्या गुंत्यात परत येतं.

आणि फोन? तो खिशात असतोच, आणि रुंद चौकटीचे, उजेडातले फोटो त्यात सुरेख येतात. कुणी मला विचारलं की दुसरी बॉडी घेऊ का, तर मी सांगते, आधी एक प्रवास मोठा कॅमेरा आणि फोन एवढ्यावर करून या. परत आल्यावर फोनमधले फोटो मोठ्या पडद्यावर बघा. कुठले फोटो फोनवर काढायची वेळ आली आणि तरी मनासारखे उतरले नाहीत, याची यादी होईल. त्या यादीत सगळे रात्रीचे असतील तर मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवी. सगळे हलत्या माणसांचे असतील तर चपळ फोकसची बॉडी हवी. यादी रिकामीच राहिली तर पैसे वाचले, आणखी एक प्रवास करा. मला स्वतःला फोन पुरत नाही, कारण तो हातात घेतला की निरोप दिसतात, आणि निरोप दिसला की मी त्या गावात राहत नाही.

दोन कॅमेरे अंगावर वागवायचे कसे, हे कुणी सांगत नाही. दोन्ही गळ्यात सारख्या उंचीवर लटकवले तर चालताना एकमेकांवर आदळतात. बॉडीचे कोपरे आणि लेन्सच्या पुढच्या कडा झिजतात. मी मोठा कॅमेरा लांब पट्ट्यानं तिरका, कमरेपाशी मागच्या बाजूला सोडते, आणि छोटा आखूड पट्ट्यानं छातीवर, जवळजवळ बरगडीला चिकटून ठेवते. दोघांच्या उंचीत वीतभर अंतर पडलं की खडखडाट थांबतो. छोट्याला रुंद, कापसी पट्टा लावायची गरज नसते. पातळ दोरीसारखा पुरतो, आणि तो काढून मनगटाला गुंडाळता येतो. संध्याकाळी मोठा पिशवीत गेला की छोटा मनगटावर येतो आणि हात झुलवत चालता येतं.

बॅटरीबद्दल थोडंच. दोन्ही बॉडीत एकच बॅटरी चालत असेल तर ते मोठं सुख आहे. सोनीची एनपी-एफझेड१०० ए७ ४ला चालते, ए७सी २लाही आणि ए६७००लाही. छोट्या बॉडींना कंपन्या बरेचदा छोटी बॅटरी देतात, तेव्हा खरेदीआधी हे बघून घ्यावं. विमानानं जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या असतात, सोडलेल्या बॅगेत त्यांना बंदी आहे. टोकं उघडी न ठेवता त्या डबीत घालाव्यात. पावसाचं म्हणाल तर हलक्या बॉडींच्या सांध्यांना बहुधा पाणी-धुळीपासून बंदोबस्त नसतो. सर आली की छोटा आत, मोठा बाहेर. त्या वेळी मोठ्याचं वजन वाहिल्याचं समाधान मिळतं.

रंगांचं मी फार मनावर घेत नाही. दोन सेन्सरचे रंग थोडे निराळे येणारच. दोघांचंही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार रंग सावरणारी सोय) ऑटोवर न ठेवता उन्हाच्या खुणेवर ठेवलं आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल घेतली, तर घरी जुळवायला वेळ लागत नाही. खरी पंचाईत होते ती वेळेची. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं चार मिनिटांनी जरी वेगळी असली, तरी संगणकावर फोटो वेळेनुसार लावले की होडी काठाला लागायच्या आधीच नावाडी दोर गुंडाळताना दिसतो. एकाच घटनेचे दोन कॅमेऱ्यांतले तुकडे एकमेकांत मिसळून दिवसाची वीण उसवते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री दोन्ही घड्याळं फोनच्या घड्याळाशी जुळवायची, परदेशी जायचं असेल तर टाइम झोन दोन्हीत एकदमच बदलायचा. ते करूनही सेकंद दाखवणाऱ्या एकाच घड्याळाचा एकेक फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढून ठेवायचा. नंतर फरक सापडलाच तर त्या दोन फोटोंवरून तो नेमका किती ते कळतं आणि एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरं बदलता येत असतील तर तीही दोघांची वेगळी करावीत, नाहीतर एकाच नावाच्या दोन फाइल एका फोल्डरमध्ये समोरासमोर येतात. मग दोन्ही कार्डं फॉरमॅट करायची, २८ मोठ्यावर, ५० छोट्यावर चढवायची, आणि छोट्याचा पट्टा मनगटाला नीट बसतोय ना ते पाहून झोपायचं.